निरंक

शनिवार. अंबडमध्ये सुटी.
लेथ गप्प, कुलंट वाळून पत्र्याला चिकटलेलं,
आणि तीन नंबरच्या शेडमध्ये पॅनलसमोर
आम्ही दोघंच: खैरनार नाना, आणि मी,
सातपूर आयटीआयची, चौथ्या महिन्यातली अप्रेंटिस.

ब्रेकर पाडला. कुलूप घातलं.
किल्ली माझ्या खिशात, हँडलला माझ्याच नावाची पट्टी:
वृषाली गांगुर्डे. काम चालू आहे.
तिन्ही दिवे विझले.
‘गेली,’ मी म्हणाले. हात उचललाही.

‘कोण गेली?’
नानांनी विचारलं,
मयताच्या घरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखं.
‘दिवा विझला म्हणजे फक्त दिवा विझला.
बल्ब उडाला असेल. जनरेटर मागच्या दारानं आत आला असेल.
कपॅसिटर श्वास रोखून बसला असेल.
नाकाशी सूत धरल्याशिवाय
कुणाला मेलेलं म्हणू नये, माय.’

सूत म्हणजे मीटर.
पण आधी सुताचीच परीक्षा:
चालू पंख्याच्या बोर्डातलं सॉकेट, दोन प्रोब,
दोनशे चौतीस.
मग पॅनल. लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल,
एकेक न्यूट्रलशी, एकेक अर्थिंगशी,
शेवटी न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांशी.
दहा वेळा शून्य.

‘आता परत सॉकेट.’
परत कशाला? सव्वाबाराची सिटीलिंक चुकणार होती.
घातले प्रोब, घालायचे म्हणून.
शून्य.

डोक्यावर पंखा गरगरतोय
आणि मीटर म्हणतोय शून्य.

प्रोबची वायर बुडाशी, आतल्या आत तुटलेली.
कधी तुटली?
ती दहा शून्यं पॅनलची होती की मीटरची,
शेडमध्ये कुणालाच सांगता आलं नसतं.

नाना ओरडले नाहीत.
डावा हात नेहमीसारखा खिशात,
त्यातलं अर्धं बोट त्यांनी
आजही बाहेर काढलं नाही.
फक्त म्हणाले, ‘दुसरे प्रोब आण. पहिल्यापासून.’

सॉकेट. पॅनल. सॉकेट.
जिवंत, मेलेली, जिवंत.
बस केव्हाच गेली होती.
मग स्क्रू ढिले केले, काळा पडलेला कॉन्टॅक्टर बदलला,
तासाभराचं साधं काम.

रजिस्टर नानांनी माझ्यापुढे सरकवलं.
वेळ, मीटर क्रमांक, सही.
शेवटचा रकाना: अपघात, इजा.
वेलांटी नीट काढून मी लिहिलं
निरंक,
आणि शाई वाळेपर्यंत
हात तिथेच ठेवला.