समुद्रात गेला तर बाद

आमच्या गावाखाली जमीन नाही.
खांब आहेत, खांबांवर घरं, घरांमधून फळ्यांची वाट,
आणि फळ्यांखाली पाणी येतं-जातं.
जमीन लागते ती चर्चपाशी. तिथे सिमेंटचा पट्टा.
बावीस यार्ड म्हणतात. मी मोजलाय, वीसच भरतो.

नियम एकच होता : समुद्रात गेला तर बाद.
ज्याने मारला त्यानेच उडी घ्यायची,
चेंडू शोधायचा,
आणि मग ओल्या चड्डीने उभं राहायचं दुसऱ्यांचा खेळ बघत.

मी कडेला मासे विकायची.
वहीत पुढून उधारी, मागून धावा.
दोन्ही मध्ये कुठेतरी भेटल्या की नवी वही.

केवाऊ माझ्या बहिणीचा.
त्याचा चेंडू कधी भिजला नाही.
गवताला चिकटून जायचा, फटीतून,
बकेटांच्या, बायकांच्या, झोपलेल्या कुत्र्यांच्या मधून.
अख्ख्या वहीत त्याच्या नावापुढे एक षटकार नाही.

मग मोर्सबीहून व्हॅन आली. हेल्मेटं आली,
त्यांना दुसऱ्यांच्या डोक्यांचा वास.
देशाची टीम म्हणून अकरा जण निघाले
त्यातले सहा आमच्या फळ्यांवरून.
सुपारी-चुन्याने लाल तोंडं घेऊन सगळं गाव निरोपाला,
टोपीवर पक्षी बघून रारुआ म्हातारा म्हणाला,
हा आपला आहे, पण शिवलाय कुठे?

तीन वर्षं नुसतं हरले.
मी तेही लिहिलं.

नामिबियात, विंडहूकला, समुद्र चार तास लांब.
कोच ओरडत होता म्हणे, उचलून मार, वर काय आहे?
केवाऊ म्हणाला, वर काही नाही. पलीकडचं बघतोय.

इथे रात्रीचा एक. चर्चच्या हॉलमध्ये टीव्ही,
डिझेलसाठी घरटी दोन किना.
दोन चेंडू, अकरा धावा.
आणि त्याने उचलला.
वहीतले हिशेब माझे, पण मलाही कळेना हा कोण.
चेंडू वर, अजून वर, दिव्यांच्याही वर,
आणि सगळ्या हॉलच्या आधी
रारुआ म्हातारा उभा राहून गरजला : बाद!
मागे पाण्यात धप्प आवाज झाला.

पुढच्या चेंडूवर एक धाव. हरलो चार धावांनी.
बायका उठू लागल्या. मी म्हटलं, थांबा.
टॉर्च तोंडात धरून भागाकार केला, दोनदा केला.
टीव्हीवाल्यांच्या आधी मला माहीत होतं :
दशांशचिन्हापुढच्या तिसऱ्या घरात आम्ही वर.
वर्ल्ड कपला जाणार, हरून.

ढोल, भांडी, कुणाचं तरी रडणं. जनरेटर बंद पडला
तरी कुणी हललं नाही.
तेवढ्यात गेउआ आली फळ्यांवरून, सात वर्षांची,
केसांतून पाणी गळतंय, दात वाजतायत.
मावशी, म्हणाली,
सगळीकडे बघितलं.
नाही सापडला.