तिथीची पाऊणपट

तिथीची पाऊणपट करायची, बापूस सांगायचा,
येईल तो भरतीचा तास.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
ओल्या वाळूत वल्ह्याच्या टोकानं
एवढं एकच गणित त्यानं मला शिकवलं.

हर्णैच्या बर्फ कारखान्यात अकरा वर्षं रात्रपाळी.
माणसाच्या उंचीच्या लाद्या, अमोनियाचा वास,
आणि डोक्यावर कधीच न विझणारी ट्यूबलाइट.
सकाळी घरी यायचं, खिडकीला गोणपाट लावायचं,
त्याला रात्र म्हणायचं.
सवय होते, अय्याज मुकादम म्हणायचा.
झाली सवय.
मग दुसरं काही होईना.

कोळंबीचं कालवण पुढ्यात, जिभेवर ओला पुठ्ठा.
भाचीच्या बारशाला पाळण्याजवळच उभा होतो,
नाव काय ठेवलं ते घरी येऊन विचारलं.
रडू आलं असतं तर बरं होतं.
आलं नाही.

दिवाळीनंतर पाळी सोडली.
वाटलं, आता झोप आपल्या घरी परत येईल.
येत होती. पण रोज पाऊण तास उशिरा.
आज दोनला, उद्या पावणेतीनला,
परवा साडेतीनला,
पंधरवडा सरला तेव्हा भर दुपारी सव्वाला,
शेजारी पापड वाळत घालत होते.
वही भरत होतो, दापोलीच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं म्हणून.
एकदा सहज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली
आणि हात थांबला.
मी तिथीनं चाललो होतो.
होडी नाही, जाळं नाही, आणि अंगात भरती-सुकती.

डोळ्यांच्या मागे, आत, डॉक्टर परकार म्हणाल्या,
तांदळाच्या कणीएवढं घड्याळ असतं.
रोज सकाळी त्याला उजेडाची चावी लागते.
ते चुकलं म्हणून तुमचं मन खचलं,
की मन खचलं म्हणून ते चुकलं,
मला नक्की सांगता येणार नाही.
बुडणारी दोन माणसं एकमेकांना धरतात ना, तसं आहे.
गोळी लिहून देते. पण सकाळचा उजेड डोळ्यांत जाऊ दे.

म्हटलं, बाई, आमच्याकडे सूर्य फक्त बुडायला येतो.
उगवतो तो डोंगरामागे, तुमच्या दापोलीत.
आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याचा शिळा झालेला असतो.
त्या हसल्या नाहीत.
मग डोंगरावर जा, म्हणाल्या.

साडेपाचला शेवंती, माझी थोरली,
बंदरावर जायच्या आधी
रिकामी पाटी दारावर आपटते.
ऊठ. निजला नसलास तरी ऊठ.

सड्यावर चिऱ्याची जुनी खाण आहे, तिच्या कडेवर बसतो.
पाठीमागे समुद्र. समुद्राला पाठ करून बसायला
मला आठवडा लागला.
पहिले नऊ दिवस काही झालं नाही.
दहाव्याही दिवशी नाही.
करवंदीच्या बुंध्याशी मुंग्या, त्यांची रांग,
त्यातली एक उगाच उलटी जाणारी.
उजेड आला की यायचा, मी त्याला
वीजबिल बघावं तसा बघायचो.

एकविसाव्या की बाविसाव्या दिवशी वळून पाहिलं.
खाली गाव अजून डोंगराच्या सावलीत,
होड्या काळ्या,
आणि पलीकडे पाण्यातल्या सुवर्णदुर्गाच्या तटाला
ऊन लागलेलं.
छान वाटलं असं नाही.
भूक लागली.
खाली येऊन भाकरी मागितली तर शेवंतीनं
माझ्याकडे न बघता दोन थापल्या,
आणि तिसरी करपवली.

अमावास्येच्या आसपास अजून खालून ओढ लागते.
गोणपाट अजून दाराआड आहे, टाकवत नाही.
काल वही चाळली.
पंचमी : झोप पावणेअकरा.
षष्ठी : पावणेअकरा.
भरती पाऊण तास पुढे गेली, एकटीच.
सप्तमी : अकरा वाजून दहा.

थोडा गेलोच तिच्यामागे.
भाचीचं नाव ओवी आहे.