रात्रपाळीच्या आधी, गाडीत

पदवीचा कागद आईने जिन्यात लावलाय,
गॅसच्या मीटरवर.
मीटर बघायला येणारा माणूस दर तिमाहीला तो वाचतो.
माझं इतर काही कुणी इतक्या वेळा वाचलेलं नाही.

आम्ही सात जण होतो बेलफास्टला.
दर गुरुवारी कुणाचं तरी पान टेबलावर उताणं
आणि त्यावर वाकलेली सहा पेनं.
डर्व्हला म्हणायची, विशेषणं काढ,
हाड लागेपर्यंत काढ.
किती राग यायचा.
आता माझ्या वहीत विशेषणं खुशाल नांदतात,
कुणी हटकत नाही.

निरोपाला ठरलं होतं, पानं पाठवत राहायची.
नव्याचे नऊ दिवस.
टिअरनन विम्यात गेला, कीवाला जुळी झाली,
डर्व्हलाने शेवटी पाठवला तो कुत्र्याचा फोटो.
मी उत्तरादाखल अंगठा पाठवला.
एम.ए. झालेली अंगठाबहाद्दर.

आता न्यूरीत, हॉस्पिटलच्या धोबीखान्यात,
रात्री दहा ते सहा.
साडेनऊलाच येते. कचऱ्याच्या डब्यांपाशी गाडी लावते,
आतला दिवा लावते, वही स्टिअरिंगवर टेकवते.
मधोमध हात पडला की हॉर्न वाजतो,
म्हणून कडेकडेने लिहायचं.
ओळी त्यामुळेच आखूड झाल्यात.
काही दिवस तर लिहीतही नाही,
कालचीच ओळ गिरवते,
शाळेत पहिल्या दिवशी गिरवतात तशी.

नोव्हेंबरात काचा आतून धुरकटल्या
आणि टकटक झाली.
मॅलकी, रखवालदार, हातात विजेरी.
"पोरी, रडतेयस का?"
"नाही. लिहितेय."
त्याने जरा विचार केला.
"बरं. बॅटरी उतरली तर माझ्याकडे केबल आहेत."

दोन वर्षांत कुठल्याच प्राध्यापकाने
इतकी कामाची सूचना केली नव्हती.

परवा दमून आले. वही मागच्या सीटवर पडलेली,
डोळे मिटले, तर पुन्हा टकटक.
"आज दिवा नाही?"
लावतच होते, म्हटलं. खोटं.
दिवा लावला. तो डब्यांना वळसा घालून येईपर्यंत
हात हलताना दिसावा
म्हणून सामानाची यादी लिहायला घेतली:
दूध.
विजेरीचे सेल.
आईच्या गुडघ्याचं मलम.
अंडी, सहाच.

सहाच का?

पूर्वी डझन लागायची.
डझनही पुरायची नाहीत रविवारपर्यंत,
बाबा उभ्याउभ्याच दोन खायचे,
टरफलं सिंकमध्ये.

नऊ अठ्ठावन्न.
'सहाच'खाली रेघ मारली आणि आत गेले.

एका चादरीच्या घडीला दोघी लागतात.
पलीकडची टोकं ब्रीजच्या हातात.
जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब व्हायचं.
असंच जवळ आल्यावर तिला विचारलं,
तुमच्याकडे अंडी किती लागतात गं?

काय झालं कुणास ठाऊक,
ती चार वाजेपर्यंत सांगत होती.