मिस्ड कॉल

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी नोटांचे ताव उजेडाला धरून पाहिले.
शाई फाकलेली, आकडा सरकलेला,
माझ्या नजरेतून काही सुटत नसे.
भामरेसाहेब म्हणायचे,
बाईंच्या डोळ्यात भिंग बसवलंय.

आणि ही गाठ,
डाव्या काखेच्या जरा खाली, हरभऱ्याएवढी,
अख्खा चैत्र-वैशाख माझ्याच हाताखालून
रोज आंघोळीच्या वेळी पास होत गेली.

रिपोर्ट आला तेव्हा
सवयीनं मी तो आधी खिडकीकडे धरला.

मग मुंबई नाक्याजवळचं हॉस्पिटल, तिसरा मजला,
दर एकवीस दिवसांनी निळी खुर्ची.
लोक आले. लोक भले असतात.
कुणी अंगारा आणला, कुणी गव्हांकुराचा रस.
चुलतजाऊ म्हणाली, पॉझिटिव्ह राहायचं हं.
मी म्हटलं, रिपोर्टही तेच म्हणतो.
ती हसली नाही.

तोंडाला अशी चव, जशी
तांबट आळीतून कुणी जीभ फरफटत न्यावी.
हे, जन्मात चुलीपाशी न आलेले,
स्टीलचे सगळे चमचे गुपचूप माळ्यावर टाकून आले
आणि लाकडी चमच्यानं पेज भरवायला बसले.
पेजेत मीठ नव्हतं. मी सांगितलं नाही.

समोरच्या खुर्चीत दिंडोरीचे दगूअण्णा पिंगळे,
घशाचा. पाटीवर लिहून बोलायचे.
लिहिलं : एप्रिलची खरडछाटणी समजा, ऑक्टोबरात बघा.
मी विचारलं, वेलीला कुणी विचारतं का?
अण्णांनी खडू कितीतरी वेळ नुसता धरला.
मग लिहिलं : नाही.
पुढच्या वेळी द्राक्षांचा घड घेऊन आले.
आम्हाला कच्चं फळ बंद. आम्ही वास घेतला, तिघांनी, पाळीपाळीनं.

तिसऱ्या म्हणजे नसीमाबी, कोकणीपुऱ्यातल्या,
साड्यांना फॉल-बिडिंग करणाऱ्या.
माझे केस गेले तेव्हा
उरलेल्या फॉलच्या पट्ट्यांची टोपी शिवून आणली,
सहा रंगांची. विचित्र दिसायची. ऊब मात्र खरी.

त्यांना मी प्रेसची गोष्ट सांगितली :
बिघडलेली नोट काढून टाकतात,
तिच्या जागी दुसरी घालतात,
नंबरात एक बारीक चांदणी छापून.
"चालते का हो ती बाजारात?"
चालते. तेवढ्याच किमतीला.
नसीमाबींनी छोटी पर्स काढली,
एकेक नोट उलटून पाहिली.
एकही चांदणी निघाली नाही.
"सापडंल कधीतरी," म्हणाल्या, आणि चेन लावली.

रात्री तीन. पाळ्यांनी लावलेली जाग,
तिला आता काम नाही,
म्हणून भीती तिला कामाला लावते.
एका रात्री फोन एकदाच वाजून थांबला.
नसीमाबी.
मीही एक रिंग देऊन ठेवला.
काही ठरलं नव्हतं. पण मग रोजच :
एक रिंग, मी जागी आहे.
उलट एक रिंग, मीही.
मध्ये द्वारका, उड्डाणपूल, भाजीचे ट्रक,
आणि झोपलेलं सगळं गाव.

पाचव्या डोसनंतरच्या मंगळवारी
तीनला फोन वाजला नाही.
सव्वातीन. साडेतीन.
मी रिंग दिली. उलट काही नाही.
चारला यांना उठवलं.
शर्ट उलटा घालून ते स्कूटरची किल्ली शोधू लागले,
फ्रिजवर, देव्हाऱ्यात, कुठेही.

अजान होऊन गेली, मग फोन आला.
या वेळी एका रिंगवर थांबला नाही, वाजतच राहिला.
पलीकडे लाजलेला आवाज :
"ताई, डोळा लागला ओ.
सलग सहा तास. चार महिन्यांनी."

मला बराच वेळ बोलताच आलं नाही.
हे दारात उभे, उलट्या शर्टात, किल्ली सापडलेली.
मी खूण केली, राहू द्या.
आणि म्हटलं, चहा टाका.
साखर किती, ते मी सांगते.