आधी ठोकून ऐक

तळघराच्या छताला चार भोकं पाडायची होती.
चारच. सायकली टांगायला.
बाबा उलट्या क्रेटवर बसले, प्लगपाशी,
चौऱ्याऐंशी वर्षांचा हात वायरवर ठेवून,
कुणाची नाडी बघावी तसे.
तार्तूत मार्च होता, नदी अजून अर्धी गोठलेली.

मी वर जाऊन स्वयंपाकघराचा फ्यूज काढून आले.
चष्मा लावला, मास्क बांधला,
बिटावर पाच सेंटीमीटरला निळी चिकटपट्टी गुंडाळली,
दह्याच्या डब्याचं बूड भोसकून
तो ड्रिलच्या तोंडाशी बसवला,
धूळ डोळ्यांत नको म्हणून.
"एवढा साज," बाबा म्हणाले, "आणि कानांचं काय, उर्वे?"
मी कानातले बोळे दाखवले.
"ते नव्हे. आधी ठोकून ऐक."

त्यांना आता सहज उठता येत नाही, तरी उठले.
हातोडीच्या दांड्यानं छतावर टकटक करत गेले,
मान वर, डोळे मिटलेले.
भरीव. भरीव. इथे पोकळ.
"भरीव जागी तारा आहेत, ताणून बसवलेल्या.
एखादी तोडलीस तर घर लगेच पडणार नाही,
पण विसरणारही नाही."
पोकळ जागी त्यांनी खडूनं फुली मारली,
आणि परत क्रेटवर. परत वायरवर हात.

शिडीची तिसरी पायरी.
वरच्या दिशेनं भोक पाडताना
आपलंच वजन आपल्या कामाला येत नाही,
सगळा भार मनगटांवर.
"रेटू नकोस. त्याला खाऊ दे."
दोन सेंटीमीटर. तीन. साडेतीन,
आणि अचानक समोर काही नाहीच.
अंधारात संपलेल्या जिन्याची
आणखी एक पायरी उतरायला जावं, तसं झालं.

मग पाणी.
आधी डब्यात एक करडी गुळणी,
मग मनगटावरून थेट बाहीत.
मी ओरडायच्या आत ड्रिल गप्प झालं होतं.
बाबांच्या हातात प्लग होता.

"पाइप फुटला."
"तिथे पाइप नाही. पाइप मी टाकलेत."
तरी मी धावत जाऊन मुख्य कॉक बंद केला.
पाणी येतच राहिलं, संथ,
कुठेही पोचायचं नसल्यासारखं.

बाबा बराच वेळ त्या धारेखाली तळहात धरून उभे.
"एकोणऐंशीचा नोव्हेंबर," म्हणाले.
"स्लॅब आले आणि क्रेन आली नाही.
पाच आठवडे अंगणात पडून, तोंडं उघडी,
वर बर्फ, मग पाऊस, मग बर्फ.
हेल्वे रोज म्हणायची, भोकांत चिंध्या कोंबू या.
मी म्हणायचो, उद्या."

आईचं नाव त्यांनी किती महिन्यांनी घेतलं
ते मी मोजलेलं नाही.

रात्रभर बादलीत टपटप.
सकाळी बाबांनी बादलीवर खडूनं रेघ ओढली: सात लिटर.
"शेजारच्या पोकळ्याही भरलेल्या असणार.
एकेक बारीक भोक पाड, वाहून जाऊ दे.
आणि हे सफरचंदाला घालू नकोस, चुन्याचं पाणी आहे."
"मग ओतू कुठे?"

त्यांनी ऐकलंच नाही.
ते फडताळात वाकून काहीतरी हुडकत होते,
जुना टॉवेल, फाटका सदरा,
बादलीच्या कडेवरून एक ओघळ निघाला होता
त्याच्यासाठी चिंधी.

सायकली अजून भिंतीला टेकून आहेत.