वात जिथे मिणमिणते

ग्लिवित्से. नोव्हेंबर. चारलाच अंधार,
आणि धुराड्यांतून उतरलेला कोळशाचा वास
पार्किंगमधल्या गाड्यांवर बसलेला.
मी इनक्युबेटरचं दार उघडत नाही.
आत एक टक्का ऑक्सिजन आहे
आणि तो तेवढाच राहायला हवा,
गाठीच्या पोटात असतो तसा,
जिथे रक्तवाहिन्या वाकड्यातिकड्या वाढून
अर्ध्या वाटेत हात टेकतात.

जुने रेणू तिथे पोचतात आणि फसतात.
प्रकाश पडला की चेकाळतात,
हातातली आग सोपवायला
शेजारी ऑक्सिजन शोधतात.
शेजारी कोणी नसतं.

ताता सव्वीस वर्षं
जाळीचा कंदील घेऊन खाणीत सगळ्यांच्या पुढे चालले.
वायू असला तर ज्योतीला निळी टोपी येई,
हवा सरली की ती बारीक होत जाई, आजाऱ्यासारखी.
"ती आपल्याआधी गुदमरते," ते सांगत,
"म्हणून तर तिला न्यायचं."
वात मिणमिणली की पाऊल मागे.

मला नेमकं तिथून पुढे जायचंय.

म्हणून इरिडियम. त्याभोवती तीन कड्या,
त्यातल्या एकीची शेपटी लांबवत गेले
लाल प्रकाश धरता यावा म्हणून
(निळा कातडीतच अडकतो).
ऑक्सिजनची वाट पाहायचीच नाही,
पेशीच्या स्वयंपाकघरातून सरळ इलेक्ट्रॉन चोरायचे:
चूल असेल, सरपण असेल,
शिजणार काही नाही.

छत्तीस वेळा जमलं नाही.
नऊ तर पाण्यात विरघळलेच नाहीत,
एक बाटलीच्या तळाशी मधासारखा चिकटून राहिला,
अजून आहे.

सदतिसावा एका मंगळवारी चालला.
पंधरा मिनिटं लाल दिवा, एक टक्का हवा,
सकाळी पेशी तळ सोडून तरंगत होत्या.
येरेमीने हातमोज्यांसकट मिठी मारली.
मग आम्ही दुसरी प्लेट सोडली,
फॉइलमध्ये गुंडाळलेली, जिच्यावर दिवा पडलाच नव्हता.
त्यातल्याही मेल्या होत्या.

अंधारातही मारतो त्याला औषध म्हणत नाहीत.
वहीत लिहिलं, तारीख घातली, रेघ मारली.

रविवारी ताता छपरावर, कबुतरांना वाटाणे टाकत.
एक मादी शर्यतीहून तीन दिवस उशिरा आलेली,
पंखाखाली जखम,
तिला वेगळं ठेवून ते हातानं भरवत होते.
मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकू येणारा कान वळवला.
"म्हणजे तुझा कंदील
धरणाऱ्याचाच हात भाजतो."
हो.
"मग काच बदल. ज्योतीला कशाला हात लावतेस?"
आणि पुन्हा वाटाणे.

पाच आठवडे गेले.
बाहेरची एक कडी नवी आहे, आतलं सगळं तेच.
फॉइल या वेळी मी स्वतः गुंडाळलं,
दोन पदरी, कोपरे दाबून.
येरेमी विचारतो, बघूया?
दार बंद आहे.
अजून चाळीस मिनिटं.