हजार मीटरांची दोरी

कामरा द लोबुशच्या धक्क्यावर
झेफरीनु दोर मोजत नाही. हातांना ठाऊक असतं.
गळांना माखलीचे तुकडे,
मग रात्रभर वाट.

खाली, उजेड पोचता पोचता जिथे मरून जातो,
तिथे त्यांची वस्ती.
रात्र झाली की ते वर सरकतात
अंधाराचा काठ धरून, भुकेच्या मागे,
पहाटेआधी परत.
डोळे डोक्याला न शोभणारे, एवढाले,
कुणाच्या तरी अंगावरची निळी ठिणगी हेरायला.

पिल्लू त्यानं कधी पाहिलं नाही,
त्याच्या बापानंही नाही.
येतात ते वाढलेलेच,
बालपण दुसऱ्याच कुठल्या पाण्यात ठेवून.

आणि जिवंत?
वर येता येता पाण्याचा भार उतरतो,
भार उतरला म्हणूनच जीव जातो.
"खाली तांब्याचा रंग असतो," तो म्हणतो,
"आपल्या हाती येईतो काळा."
कुणी सांगितलं?
"आजोबांनी."
आजोबांना कुणी?
तो दोर गुंडाळत राहतो.

फुंशालच्या बाजारात देओलिंदा
ओल्या फडक्यानं एकेक पाठ पुसते.
काळेपणा फडक्यावर येतो, नखांत राहतो,
रविवारी चर्चमध्ये ती मुठी मिटून बसते.
गिऱ्हाईक त्या डोळ्यांना बिचकतं
म्हणून डोकी भिंतीकडे.

संध्याकाळी ओटा धुऊन झाला
की ती दिवा मालवते
आणि लगेच निघत नाही.
उभी राहते जरा,
डोळे मोठे करून.